आधी पत्रा, मग पश्चिमेची भिंत

आमच्या पहूरला गाडीसाठी खोली काढायची म्हटली की सिमेंटचे पोकळ ब्लॉक ठरलेले. काम भराभर उठतं, खर्चही आवाक्यात. पण एप्रिल-मेत पारा ४५ च्या आसपास गेला की त्या खोलीत मोटारसायकलची सीट हाताला चटका देते. स्वतःच्या खोलीवर करून आणि गल्लीतल्या इतरांच्या पाहून जे कळलं ते असं.

१. भिंतीला हात लावण्याआधी वर बघा. उघड्या पत्र्याखाली भिंतींवर केलेला खर्च वाया जातो. पत्र्याला बाहेरून पांढरा रंग द्या आणि खाली चार बोटं हवा सोडून छत करा. गारव्यासाठी पत्र्यावर कपाशीची पऱ्हाटी टाकायची पद्धत आहे. खाली पेट्रोलची गाडी असेल तर तो नाद नको.

२. चारही भिंती सारख्या तापत नाहीत. मेच्या शेवटच्या आठवड्यात आपल्याकडे सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो, त्यामुळे भर उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीला ऊन जवळजवळ लागतच नाही. खरी वैरीण पश्चिमेची. चार वाजता ती बाहेरून तापलेली असते, तेव्हा आतून हात लावला तर कोमटच लागते. जेवणं उरकून रात्री पुन्हा हात लावा: बाहेर वारा सुटलेला असतो आणि भिंत आतून धगधगत असते. दुपारचं ऊन आत पोचायला तिला तेवढा वेळ लागतो. पैसे मोजकेच असतील तर सगळे या एका भिंतीवर घाला.

३. “दादा, ब्लॉक पोकळ आहे, आपोआप गार राहतो,” असं मिस्त्री सांगतात. तसं होत नाही. पोकळीतली हवा फिरत राहते आणि मधल्या सिमेंटच्या पडद्यांतून उष्णता सरळ आत येते. दोन इंच थर्माकोल जेवढी उष्णता अडवतो, तेवढी अडवायला भरीव काँक्रीट पाच-सहा फूट जाड लागेल. नवीनच बांधत असाल तर हलके एएसी ब्लॉक घ्या. दीपनगरच्या वीज केंद्रातून निघते तशा राखेच्या विटा मजबूत असतात, पण त्यांच्याकडून या कामाची फार आशा नको.

४. थर्माकोल शक्यतो बाहेरून लावावा, म्हणजे भिंत तापतच नाही. जास्त घनतेच्या शीट चिकटवायच्या, वॉशर लावून स्क्रूने आवळायच्या, वर फायबरची जाळी आणि गिलावा. वरची कड नीट झाका, नाहीतर पहिल्याच पावसात पाणी मागे उतरतं. शेजाऱ्याची भिंत चिकटून असेल तर आतून लावावं लागतं, पण त्यावर सिमेंट शीट हवीच. उघड्या थर्माकोलात उंदीर घर करतात, आणि तिथेच इलेक्ट्रिक स्कूटर चार्जिंगला लावत असाल तर तो विस्तवाशी खेळ आहे.

५. थर्माकोल परवडत नसेल तर चुना. होळीनंतर पश्चिमेला दोन हात मारले तरी फरक कळतो. पावसात तो धुऊन जातो, म्हणून दरवर्षीचं काम.

६. जुनी धाब्याची घरं नुसत्या जाड मातीच्या भिंतींमुळे गार राहत नसत. घरातली माणसं दिवसा दारं लावून घेत आणि रात्री सताड उघडत. आपण नेमकं उलट करतो: दिवसभर शटर वर, रात्री चोरांच्या भीतीने खाली. शटर उघडं ठेवता येत नसेल तर भिंतीत एक झरोका खाली आणि एक वर ठेवा. जाळी बसवली की चोराचीही चिंता नाही.

७. बंद खोलीत कूलर लावू नका. दमट होतं आणि हत्यारं गंजतात.

८. काळ्या मातीवरचं बांधकाम असेल तर आधी भेगा बघा. उन्हाळ्यात ही जमीन आकसते, पावसाळ्यात फुगते आणि ब्लॉकच्या सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांची भेग वर चढते. ती बुजवून एक पावसाळा जाऊ द्या. पुन्हा उघडली तर थर्माकोलचे पैसे पायाच्या दुरुस्तीला ठेवा आणि तोवर चुन्यावर भागवा.