जुन्या ध्वनिफितीस योग्य यंत्र

जात्यावर बसून आजीने म्हटलेल्या ओव्या, गावच्या भजनी मंडळाचे अभंग, परगावी राहणाऱ्या मुलाने पाठविलेला बोलका निरोप, असे किती तरी आवाज अनेक घरांतील कॅसेटींत साठविलेले आहेत. १९६३ साली फिलिप्स कंपनीने कॅसेट प्रथम जगापुढे आणली आणि पुढे ती घरोघरी पोहोचली. आज तिचा वापर फारसा उरलेला नाही. तरीही तिच्यातील आवाज पुन्हा ऐकावयाचा असेल, तर ती वाजविणारे यंत्र, म्हणजे कॅसेट डेक, पारखूनच घेतले पाहिजे.

कॅसेटमधील फीत चार मिलिमीटरांहूनही अरुंद असते. तिच्यावरील चुंबकीय कणांच्या लेपात आवाज नोंदलेला असतो. ही फीत सेकंदाला सुमारे ४.७६ सेंटीमीटर या एकाच वेगाने सरकली पाहिजे. एक बारीक फिरता दांडा आणि त्यावर दाबून बसणारे रबरी चाक ही दोन्ही मिळून तिला पुढे नेतात. रबर कडक झाले किंवा यंत्रातील पट्टा सैल पडला, की वेग बिघडतो व गाणाऱ्याचा सूर डळमळू लागतो. चाक मळाने चिकट झाले, तर फीत त्याभोवती गुंडाळली जाते आणि प्रसंगी तुटतेही. म्हणून डेक घेताना प्रथम हे चाक व पट्टा तपासावा.

फितीवरील आवाज टिपणाऱ्या भागास हेड म्हणतात. त्यातील सूक्ष्म फट फितीच्या वाटेशी बरोबर काटकोनात असावी लागते. ती किंचित तिरपी झाली, तरी उंच स्वर मंदावतात आणि माणूस घोंगडीआडून बोलत असल्यासारखे वाटते. जपानच्या नाकामिची कंपनीने १९८२ साली काढलेला ‘ड्रॅगन’ डेक हा कोन आपोआप जुळवून घेत असे. झिजून खाच पडलेले हेड मात्र टाळावे.

नव्याने आणलेल्या डेकमध्ये आजीची कॅसेट लगेच घालू नये. आधी एखादी साधी कॅसेट वाजवून पाहावी. सूर स्थिर राहिला व फीत सुखरूप बाहेर आली, की मगच जपून ठेवलेली कॅसेट लावावी आणि ती वाजत असतानाच संगणकावर तिची नक्कल उतरवून घ्यावी.

यंत्राच्या चकाकीस व लुकलुकणाऱ्या दिव्यांस भुलू नये. यंत्र बिघडले, तर दुसरे मिळू शकते. आजीचा आवाज मात्र त्या एकाच फितीवर असतो.

अभ्यास
१. गाणाऱ्याचा सूर कोणत्या कारणांनी डळमळतो?
२. आधी साधी कॅसेट वाजवून का पाहावी?
३. घरातील वडील माणसांना विचारून जुन्या ध्वनिफितींची यादी करा.