एक जोडी, दोन धनी

संगणकावर लिहितांना दोन-तीन कळा एकदम दाबून आज्ञा देतां येते, हें आपणांस ठाऊक आहेच. कंट्रोल व एस दाबतांच लेख जतन होतो. अशा जोडीस शॉर्टकट म्हणतात. परंतु एकाच जोडीवर दोघांनीं हक्क सांगितला तर काय करावें, याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

भारत सरकारनें २०१० सालीं रुपयासाठीं '₹' हें चिन्ह स्वीकारिलें. विंडोजमधील 'इंग्रजी (भारत)' ह्या कळफलकावर उजवी आल्ट व ४ ह्या कळा दाबिल्यास तें उमटतें. आतां वर्डमध्यें कंट्रोल व आल्ट यांसह १, २, ३ दाबिलें असतां पहिला, दुसरा व तिसरा मथळा मिळतो. तें पाहून कोणी चौथ्या मथळ्यास कंट्रोल-आल्ट-४ ही जोडी नेमून दिली, तर काय होईल? रुपयाचें चिन्ह उमटेनासें होऊन चालू ओळच मथळा बनेल. कारण विंडोज ह्या उजव्या आल्टला कंट्रोल-आल्टच समजतें, आणि वर्ड आपली आज्ञा अक्षराच्या आधीं ऐकतें.

हा घोटाळा आपल्याच देशांत होतो असें नाहीं. पोलिश भाषेंत एसवर तिरकी रेघ असलेलें एक अक्षर आहे. तें उजवी आल्ट व एस दाबून लिहितात. मीडियम ह्या संकेतस्थळानें कंट्रोल-एस ही जोडी अडवून ठेविली होती. त्यामुळें तेवढें एकच अक्षर उमटेना. हें कोडें २०१५ सालीं प्रसिद्धीस आलें.

उपाय तीन आहेत. पहिला, आधीं चौकशी करावी. वर्डमध्यें फाइल, ऑप्शन्स, कस्टमाइझ रिबन ह्या मार्गानें कीबोर्डची चौकट उघडावी. नवी जोडी दाबतांच ती पूर्वीं कोणाकडे आहे, हें 'करंटली असाइन्ड टू' ह्या ओळींत दिसतें. मात्र ती ओळ वर्डच्या आज्ञाच जाणते, कळफलकाचीं अक्षरें जाणत नाहीं. म्हणून जोडी मोकळी दिसली तरी ती कोऱ्या पानावर दाबून पाहावी. कांहीं उमटल्यास सोडून द्यावी.

दुसरा, ज्यास दुसरी वाट आहे त्यानें सरावें. मथळ्यास अन्य जोडी देतां येते. अक्षरास तितकी सोय नसते. त्याच चौकटींत ती आज्ञा निवडून, तिची जुनी जोडी 'रिमूव्ह' कळीनें काढावी.

तिसरा, बदल कोठें जतन होतो तें पाहावें. 'सेव्ह चेंजेस इन' येथें नॉर्मल ठेविल्यास तो पुढील सर्व लेखांस लागू होतो. आपला लेख निवडल्यास त्यापुरताच राहतो. शाळेच्या संगणकावर एकाच नांवानें अनेक मुलें काम करितात. आपण गेल्यावर दुसऱ्याचा हिशेब बिघडला, तर त्यास कारणही सांपडत नाहीं. घरच्या संगणकावरही पालकांनीं हें पाहावें.

आपल्या खाप्यांत हातमागाचा धंदा जुना आहे. ज्या मागावर उद्यां दुसरा बसणार, त्याच्या दोऱ्या त्यास न सांगतां बदलूं नयेत, हें विणकरांच्या मुलांस निराळें सांगावयास नको.