संख्या मूळ की संयुक्त?

‘२, ३, ५, ७ यांनी भाग जात नाही, म्हणून २२१ ही मूळसंख्या,’ असे उत्तर शाळातपासणीत पुष्कळदा ऐकू येते (क्वचित गुरुजींकडूनही!). थोडक्या पडताळ्यावर विसंबून फर्मासारखा थोर फ्रेंच गणितीही चकला. २ च्या १, २, ४, ८, १६ ह्या घातांत १ मिळविल्यास ३, ५, १७, २५७, ६५५३७ ह्या मूळसंख्या येतात. तेव्हा ३२ व्या घाताची ४२९४९६७२९७ हीही मूळच, असे त्याने मानिले. १७३२ मध्ये ऑयलरने तिचे अवयव दाखविले : ६४१ × ६७००४१७. ६४१ हून लहान एकाही मूळसंख्येने तिला भाग जात नाही. हा गुणाकार सातवीच्या मुलांकडून फळ्यावर करवून घ्यावा. मग २२१ पुन्हा द्यावी. तिचे वर्गमूळ १५ हून कमी. म्हणून १३ पर्यंत भागून पाहिले म्हणजे पुरे.