बदल बोर्डावर लागलाय का?

मुंबई बंदरात ओहोटी जोरात असली की स्टार्टच्या जागेपर्यंत प्रवाहाविरुद्ध चढायला भलताच वेळ जातो. म्हणून जुनी मंडळी लवकर पाण्यात उतरतात. अशाच एका सकाळी आम्ही आमची एंटरप्राइज होडी घेऊन निघालो आणि आमच्या पाठीमागे, जेटीवर उरलेल्यांना रेस ऑफिसरने सांगून टाकलं, "वारा छान आहे, दोनऐवजी तीन लॅप करू." ना नोटीस बोर्डावर कागद लागला, ना झेंडा चढला. सेलिंग इन्स्ट्रक्शन्समध्ये, म्हणजे आमच्या भाषेत एसआयमध्ये, दोनच लॅप छापलेले होते.

दुसरा लॅप संपवून आम्ही फिनिश लाइन ओलांडली, पण कमिटी बोटीवरून भोंगा वाजला नाही. पुढच्या होड्या तर पुन्हा वरच्या मार्ककडे निघालेल्या. अशा वेळी हात आपोआप सुकाणू वळवायला जातो. माझ्या क्रूने लॅमिनेट केलेली एसआयची प्रत काढली, कोर्सचं कलम मोठ्याने वाचलं आणि आम्ही थांबलो. तिने ग्रीज पेन्सिलने डेकवरच ओलांडल्याची वेळ लिहिली, पुढच्या-मागच्या होड्यांचे सेल नंबर लिहिले. संध्याकाळी निकालात आमच्या नावापुढे डीएनएफ होतं, म्हणजे शर्यत पूर्ण केली नाही.

तुमच्यावर ही वेळ आली तर आधी एक गोष्ट पक्की धरा: कोर्स कागदावरचा. गर्दी जाते तिकडे जाऊ नका. शर्यतीच्या नियमांतला 90.2 याबाबत अगदी स्पष्ट आहे. एसआयमधला बदल लेखी हवा आणि ठरलेल्या वेळेआधी अधिकृत नोटीस बोर्डावर लागायला हवा. पाण्यावर बदल करायचा असेल तर तो प्रत्येक होडीला तिच्या वॉर्निंग सिग्नलआधी कळवायला हवा. तोंडी बदल फक्त पाण्यावरच चालतो, तोही त्याची पद्धत एसआयमध्ये आधीच दिलेली असेल तर. जेटीवरचं ब्रीफिंग यात कुठेच बसत नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवरचा मेसेजही नाही, जोवर तोच ग्रुप अधिकृत बोर्ड आहे असं लिहिलेलं नाही. शर्यत चालू असताना सी झेंड्याने पुढचा टप्पा (लेग) बदलणं किंवा एस झेंड्याने कोर्स आखूड करणं ही वेगळी बाब. ते सिग्नल नियमांतच आहेत, ते पाळायचेच.

दुसरं, पाण्यात उतरण्याआधी बोर्डाचा फोटो काढा, मोबाइलमध्ये वेळ आपोआप नोंदली जाते. किनाऱ्यावर काळ्या-पिवळ्या चौकटींचा एल झेंडा दिसला तर नवी नोटीस लागली आहे असं समजा आणि परत जाऊन वाचा. पाण्यावर कमिटी बोटीने तोच झेंडा चढवला तर हाकेच्या अंतरावर जा. हे सगळं अशासाठी, की रिड्रेस, म्हणजे कमिटीच्या चुकीने झालेल्या नुकसानीची भरपाई, मागताना आपला स्वतःचा काहीही दोष नव्हता हे दिसावं लागतं. बोर्ड न वाचणाऱ्याची बाजू तिथेच पडते.

रिड्रेस मागणं म्हणजे भांडण नव्हे. त्याला लाल झेंडा लागत नाही, कुणाला आरोपी करावं लागत नाही. पण अर्ज लेखीच हवा आणि मुदतीत हवा. क्लबच्या व्हरांड्यात चहा पीत "हे बरोबर नाही झालं" म्हणत बसलात तर मुदत निघून जाते आणि मग खरी बाजूही कुणी ऐकू शकत नाही. मला याचंच सगळ्यात वाईट वाटतं, कारण चांगले खलाशी असे कितीतरी गुण घालवताना मी पाहिले आहेत. आमच्या अर्जात मोजक्याच ओळी होत्या: एसआयचं कलम, बोर्डाचा फोटो, डेकवरच्या नोंदी. सुनावणीत रेस ऑफिसरने आपण काय बोललो ते सरळ सांगितलं. प्रोटेस्ट कमिटीने आम्हा दोन लॅपवाल्यांना मालिकेतल्या बाकीच्या शर्यतींचे सरासरी गुण दिले. तीन लॅप मारणाऱ्यांचे क्रमांक तसेच राहिले. तेही योग्यच झालं, त्यांनी ऐकलेल्यावर विश्वास ठेवला होता.

आयोजकांना माझी कळकळीची विनंती आहे. असे बदल बहुतेकदा चांगल्या हेतूने, घाईत होतात. पण एक कागद, त्यावर वेळ आणि सही, आणि एल झेंडा, एवढ्याला पाच मिनिटंही लागत नाहीत. होड्या पाण्यात गेल्या असतील तर रबर बोट प्रत्येकीजवळ न्या आणि सांगितलेल्या सेल नंबरांवर खुणा करा.

ऑप्टिमिस्ट या छोट्या होडीतल्या मुलांची मला जास्त काळजी वाटते. ती पंधरा वर्षांपर्यंतची, होडीत एकटी असतात आणि शर्यतीत बाहेरून मदत घेण्याला नियम 41 ने मनाई आहे. त्यामुळे कोच किंवा आईबाबा ओरडून सांगू शकत नाहीत. समोरच्या पाच होड्या चुकीच्या मार्ककडे वळल्या की सहावं मूलही वळतंच. म्हणून प्रशिक्षकांनी निघण्याआधी प्रत्येक मुलाकडून त्या दिवसाचा कोर्स तोंडी वदवून घ्यावा, कुठला मार्क डाव्या हाताला ठेवायचा इथपर्यंत. आणि ब्रीफिंगमध्ये काही नवीन ऐकलं तर तिथल्या तिथे हात वर करून "सर, हे बोर्डावर लावणार ना?" असं विचारायला शिकवावं.