एका जोडणीचे वाटेकरी

प्रस्तावना

चाळीत पूर्वी अनेक बिऱ्हाडांना मिळून एकच नळ असे. पाणी ठरावीक वेळ येई. कोणी किती घागरी भराव्यात, आजारी माणसाच्या घरचे पाणी आधी कोणी भरून द्यावे, याचे नियम कुठे लिहिलेले नसत. पण ते सर्वांना ठाऊक असत. आज आपल्या हातातील मोबाइल फोन हाही असाच एक नळ झाला आहे. त्यातून येणारे इंटरनेट आपण घरातील संगणकाला, भावंडांच्या फोनला, कधी शेजाऱ्यालाही देऊ शकतो. या सोयीला ‘हॉटस्पॉट’ म्हणतात. ती सुरू करणे सोपे आहे. मात्र ती कशी चालते आणि तिच्याबरोबर कोणती जबाबदारी येते, हे फार थोडे जण समजून घेतात. प्रस्तुत पाठात आपण तेच समजून घेणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला –
- बंगळुरू शहराच्या उदाहरणावरून इंटरनेटच्या सामाईक वापराचा प्रवास सांगता येईल;
- फोनची जोडणी इतर उपकरणांना कशी मिळते, हे स्पष्ट करता येईल;
- मर्यादित डेटाचा वापर विचारपूर्वक आखता येईल;
- जोडणी देणाऱ्याची व घेणाऱ्याची कर्तव्ये सांगता येतील.

मूलपाठ

१. एका शहराचा प्रवास

इंटरनेट भारतात आले, तेच मुळी वाटून घेण्यासाठी. १९८६ साली ‘अर्नेट’ हा शासकीय प्रकल्प सुरू झाला. त्यात देशातील आठ संस्था सहभागी होत्या. बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था ही त्यांपैकी एक. संगणकांना जोडणारे दुवे तेव्हा इतके महाग होते, की ते एकट्यादुकट्याने बाळगणे शक्यच नव्हते. सामान्य नागरिकांसाठी इंटरनेट खुले झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी.

पुढच्याच वर्षी, १९९६ मध्ये, बंगळुरूच्या ब्रिगेड रोडवर ‘कॅफे कॉफी डे’चे पहिले दुकान उघडले. ते एक सायबर कॅफे होते. कॉफीचा पेला समोर ठेवून तासाच्या हिशेबाने पैसे मोजावेत आणि दुकानातील संगणकावर जग पाहावे, अशी ती व्यवस्था होती. जानेवारी २०१४ मध्ये याच ब्रिगेड रोडवर आणि महात्मा गांधी रोडवर ‘नम्म वायफाय’ ही मोफत सार्वजनिक सेवा सुरू करण्यात आली. कन्नड भाषेत ‘नम्म’ म्हणजे ‘आपले’. हे नावही सामाईकपणाच सुचवते.

दरम्यान आणखी एक बदल घडला. २०१० च्या सुमारास स्मार्टफोनमध्येच हॉटस्पॉटची सोय येऊ लागली. जे काम पूर्वी संस्था, दुकान किंवा नगर करत होते, ते खिशातील फोन करू लागला. एका जोडणीवर अनेकांनी काम भागवण्याची जुनी रीत अशा प्रकारे घराघरांत पोहोचली.

२. फोन नेमके काय करतो?

एक मोठा वाडा डोळ्यांसमोर आणा. वाड्याचा पत्ता एकच. आत मात्र दहा खोल्या. पोस्टमन सर्व पत्रे दारावरच्या दिवाणजीकडे देतो. कोणते पत्र कोणत्या खोलीचे, हे दिवाणजी आपल्या वहीत पाहतो आणि ते तेथे पोहोचवतो. बाहेरच्या जगाला खोल्यांचे क्रमांक ठाऊक नसतात.

हॉटस्पॉट सुरू केलेला फोन हा असाच दिवाणजी असतो. मोबाइल मनोऱ्याकडून रेडिओ लहरींद्वारे माहिती त्याच्याकडे येते. जोडलेल्या प्रत्येक उपकरणाला तो एक अंतर्गत क्रमांक देतो. कोणत्या उपकरणाने काय मागवले, याची तो नोंद ठेवतो आणि आलेली माहिती त्या त्या उपकरणाकडे वळवतो. बाहेरच्या संकेतस्थळांना मात्र सामान्यतः एकच पत्ता दिसतो. या व्यवस्थेला ‘पत्ता-रूपांतर’ म्हणता येईल. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत सुमारे ४२९ कोटीच पत्ते उपलब्ध होते. तेवढे पत्ते जगाला पुरणार नाहीत, हे लक्षात आल्यावर १९९० च्या दशकात ही युक्ती पुढे आली.

वाड्याचे हे उदाहरण नीट लक्षात ठेवा. पुढे जबाबदारीचा विचार करताना त्याचा उपयोग होणार आहे.

३. जोडणीचे तीन मार्ग

*वायफाय* : या मार्गाने एकाच वेळी अनेक उपकरणे जोडता येतात. घरात साधारण दहा मीटरपर्यंत जोडणी चांगली मिळते. मध्ये जाड भिंत आली की ती क्षीण होते. फोनची बॅटरी झपाट्याने उतरते आणि फोन तापतो.

*ब्लूटूथ* : हा मार्ग संथ आहे, पण बॅटरी कमी खर्च करतो. केवळ पत्रव्यवहार किंवा मजकूर वाचण्यासाठी तो पुरतो.

*यूएसबी केबल* : या मार्गाने एकच उपकरण जोडता येते. मात्र जोडणी स्थिर असते, परका मनुष्य तीत शिरू शकत नाही आणि संगणकावरून फोनची बॅटरीही भरत राहते. एका व्यक्तीला एका संगणकावर अभ्यास करायचा असेल, तर हाच मार्ग बहुधा सर्वांत सोयीचा ठरतो.

४. अंथरूण पाहून पाय पसरावेत

आता एका घराची कल्पना करू. बंगळुरूच्या पीण्या औद्योगिक भागात एक मराठी कुटुंब राहते. वडील कारखान्यात कामाला आहेत. थोरली बहीण दिवसा नोकरी करते आणि मुक्त विद्यालयातून बारावीचा अभ्यास करते. धाकटा भाऊ शाळेत आहे. घरात जुना लॅपटॉप आहे. परंतु इंटरनेट आहे ते एकट्या बहिणीच्या फोनवर, रोज दीड जीबी.

सायंकाळी ती हॉटस्पॉट सुरू करते. भाऊ लॅपटॉपवर उच्च दर्जाच्या चित्रात एक व्हिडिओ पाहतो. अशा चित्राला तासाला सुमारे एक जीबी किंवा त्याहूनही अधिक डेटा लागतो. तिकडे लॅपटॉपला वाटते, की आपण एखाद्या अमर्याद वायफायवर आहोत. तो आपल्या प्रणालीची अद्ययावत आवृत्ती गुपचूप उतरवू लागतो. रात्री नऊ वाजता बहीण सराव प्रश्नपत्रिका उघडू पाहते, तेव्हा दिवसाचा वाटा संपलेला असतो.

अनेक योजनांमध्ये असा वाटा संपल्यावर वेग सेकंदाला ६४ किलोबिट इतका खाली येतो. आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणजे हा वेग सेकंदाला केवळ ८ किलोबाइट झाला. प्रश्नपत्रिकेची फाइल १० एमबीची, म्हणजे सुमारे १०,००० किलोबाइटची असेल, तर ती उतरण्यास १,२५० सेकंद, अर्थात जवळजवळ २१ मिनिटे लागतील.

येथे चूक कोणाची? भावाने मुद्दाम काही केले नाही. बहिणीनेही उदारपणेच दिले. चूक झाली ती हिशेब न करण्याची. व्हिडिओचा दर्जा कमी केला असता, लॅपटॉपमध्ये ही जोडणी ‘मोजणीची’ आहे अशी नोंद केली असती आणि ज्याची गरज निकडीची त्याचे काम आधी केले असते, तर तेवढ्याच डेटात दोघांचेही भागले असते. चाळीतला नळ आठवा. तेथेही पाणी पुरत असे ते रांगेमुळे.

५. कुलूप आणि किल्ली

वाड्याचा पत्ता एकच असतो, हे आपण पाहिले. एखाद्या खोलीतून कोणी धमकीचे पत्र पाठवले, तर चौकशी प्रथम वाड्याच्या दाराशी येते. आपल्या हॉटस्पॉटवरून कोणी गैरकृत्य केले, तर तपासाचा पहिला धागा आपल्याच क्रमांकापर्यंत पोहोचतो. म्हणून पुढील दक्षता घ्यावी.

हॉटस्पॉट संकेतशब्दाशिवाय कधीही उघडा ठेवू नये. संकेतशब्द किमान आठ अक्षरांचा असावा लागतो. तो जन्मतारीख किंवा दूरध्वनी क्रमांक नसावा. हॉटस्पॉटला स्वतःचे पूर्ण नाव देऊ नये. किती उपकरणे जोडली आहेत, हे फोनच्या पडद्यावर दिसते; ते अधूनमधून पाहावे. काम संपताच हॉटस्पॉट बंद करावा. संकेतशब्द अनेकांना सांगितला गेला असेल, तर तो बदलावा.

घेणाऱ्याचीही कर्तव्ये आहेत. दुसऱ्याच्या जोडणीवर मोठ्या फाइली उतरवू नयेत, संकेतशब्द तिसऱ्याला सांगू नये आणि अनोळखी, उघड्या हॉटस्पॉटवरून बँकेचे व्यवहार करू नयेत.

बसस्थानकावर एखादा अपरिचित प्रवासी ‘दोन मिनिटे हॉटस्पॉट द्या’ असे म्हणतो. तेव्हा काय करावे? नकार देण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. त्याची अडचण खरी वाटली, तर स्वतःच्या फोनवर त्याला हवी ती माहिती पाहून देता येते. मदतही होते आणि किल्लीही आपल्याच हाती राहते.

६. हक्क आणि साधन

२०२० साली कोरोनाच्या साथीत शाळा बंद झाल्या. जूनमध्ये कर्नाटक शासनाने लहान वर्गांचे ऑनलाइन शिक्षण थांबवण्याचे आदेश काढले. ८ जुलै २०२० रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाने त्या आदेशांना स्थगिती दिली. त्याआधी, सप्टेंबर २०१९ मध्ये, केरळ उच्च न्यायालयाने इंटरनेट उपलब्ध असणे हा शिक्षणाच्या हक्काचा भाग मानला होता.

परंतु हक्क मान्य होणे आणि साधन हाती येणे यांत अंतर असते. ज्या घरात तीन मुले आणि एक फोन होता, त्या घरात हक्काचेही वाटे करावे लागले. हे अंतर कमी करण्याचा एक प्रयत्न म्हणून केंद्रीय मंत्रिमंडळाने ९ डिसेंबर २०२० रोजी ‘पीएम-वाणी’ योजनेस मान्यता दिली. पूर्वी पानाच्या किंवा किराणा दुकानात पीसीओचा दूरध्वनी असे, तसेच लहान दुकानदारांनी सार्वजनिक वायफाय पुरवावे, अशी ही कल्पना आहे. त्यासाठी दुकानदाराला परवाना किंवा शुल्क लागत नाही.

अशा सोयी सर्वत्र होईपर्यंत अनेक घरांत अभ्यासाचा आधार एकच फोन असेल. तो कोणी, केव्हा आणि कशासाठी वापरावा, हे घरातील सर्वांनी एकत्र बसून ठरवले, तर घरातील धाकट्यालाही त्याचा वाटा मिळेल आणि थोरलीचाही अभ्यास मागे पडणार नाही.

पाठगत प्रश्न

अ) रिकाम्या जागा भरा.
१. ‘अर्नेट’ प्रकल्पात देशातील ………… संस्था सहभागी होत्या.
२. कन्नड भाषेत ‘नम्म’ म्हणजे ………… .
३. सेकंदाला ६४ किलोबिट म्हणजे सेकंदाला ………… किलोबाइट.

आ) चूक की बरोबर ते सांगा.
१. यूएसबी केबलने एकाच वेळी अनेक उपकरणे जोडता येतात.
२. पीएम-वाणी योजनेत दुकानदाराला परवाना लागत नाही.

भाषाभ्यास

‘फोनवरून’, ‘डेटात’, ‘हॉटस्पॉटला’ हे शब्द पाहा. मूळ शब्द परभाषेतील असले, तरी त्यांना लागणारे प्रत्यय मराठी आहेत. पाठातून असे आणखी पाच शब्द शोधून लिहा.

तुम्ही काय शिकलात?

- एका जोडणीचा अनेकांनी उपयोग करणे ही रीत जुनी आहे. फोनने ती घरात आणली.
- फोन प्रत्येक उपकरणाला अंतर्गत क्रमांक देतो. बाहेर मात्र सामान्यतः एकच पत्ता दिसतो.
- डेटा मोजका असल्याने वापराचा क्रम ठरवणे आवश्यक असते.
- जोडणी देणारा आणि घेणारा, दोघेही जबाबदार असतात.

पाठान्त प्रश्न

१. वाडा आणि दिवाणजी यांच्या उदाहरणावरून हॉटस्पॉटचे कार्य स्पष्ट करा.
२. ‘चूक झाली ती हिशेब न करण्याची’ या विधानाचा आशय तुमच्या शब्दांत लिहा.
३. तुमच्या घरात एकच फोन आहे असे समजून दिवसभराच्या वापराचे वेळापत्रक तयार करा. कोणाच्या कामाला अग्रक्रम दिला व का, तेही लिहा.

शब्दार्थ

सामाईक – अनेकांच्या मालकीचे वा वापराचे. दिवाणजी – हिशेब व कारभार पाहणारा. क्षीण – दुर्बल. निकडीची – तातडीची. स्थगिती – अंमलबजावणी तात्पुरती थांबवणे.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

अ) १. आठ २. आपले ३. आठ
आ) १. चूक २. बरोबर