जुनी मोटार : टायर आणि तेल निवडताना आधी वय पाहा

जुनी मोटार बाळगणारे लोक आपल्या मराठवाड्यात कमी नाहीत. कोणी वडिलांच्या वेळची प्रीमियर पद्मिनी जपली आहे, कोणी १९८५ नंतर आलेली ११८ एनई, तर एखाद्या शौकिनाने गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म आणून ठेवली आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस गोव्यातील सॅन मोटर्सने काढलेली ही दोन आसनी गाडी. बॉडी फायबरची, इंजिन रेनो कंपनीचे, सुमारे साडेअकराशे सीसीचे. आपल्या देशात तयार झालेल्या मोजक्या स्पोर्ट्स गाड्यांपैकी ती एक. या सगळ्या गाड्या आता नव्या मिळत नाहीत, आणि त्यांची देखभाल आपल्याच मिस्त्री, पंक्चरवाले आणि टायर दुकानदारांच्या हाती आली आहे.

आम्ही कापडाचे व्यापारी. मोटार दुरुस्ती हा आमचा धंदा नव्हे. परंतु जुन्या गाडीवर आठवडी बाजार करण्यात बरीच वर्षे गेली, मिस्त्रींच्या पाटावर बसून तासन् तास बोलणे झाले, आणि त्यातून जो तजुर्बा जमला तो वाचकबंधूंपुढे ठेवावा असे वाटते. सांगायचे मुख्य म्हणणे एकच आहे. जुन्या गाडीचे टायर आणि तेल चालवून जितके खराब होतात, त्यापेक्षा जास्त उभ्या-उभ्या आणि वयाने खराब होतात. म्हणून किलोमीटर मोजण्याआधी तारीख मोजावी.

टायर म्हणजे कापडच

टायर हा नुसता रबर नाही. आत दोऱ्यांचे कापड असते, आणि रबर हा त्यावरचा लेप. हे कापड विणताना ताणा मजबूत नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा घेतात. बाणा अगदी बारीक आणि विरळ असतो, ताण्याचे दोरे जागेवर धरण्यापुरता. गाडीचे सगळे वजन ताणाच पेलतो.

जुन्या पद्धतीच्या टायरात असे थर एकावर एक उरेब टाकतात, एक डावीकडे तिरका तर दुसरा उजवीकडे. हा क्रॉसप्लाय टायर. रेडियलमध्ये दोरे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात आणि नक्षीच्या खाली पोलादी तारांचा पट्टा असतो. म्हणून रेडियल कमी तापतो, रस्ता चांगला धरतो आणि जास्त टिकतो. पद्मिनीला कारखान्यातून ५.२० - १४ मापाचे क्रॉसप्लाय येत असत. आता त्या मापाचा टायर मिळाला तरी तो कधीचा आहे, हे आधी पाहिले पाहिजे.

एक नियम मिस्त्री बांधवांनी पक्का लक्षात ठेवावा. एकाच आसावर एक रेडियल आणि एक क्रॉसप्लाय कधीही बसवू नये. दोन्ही प्रकारांची वळणावरची पकड निराळी असते, गाडी ओढ घेते. शक्यतो चारही एकाच प्रकारचे असावेत. फक्त दोनच रेडियल घ्यायचे झाले तर ते मागे बसवावेत. दोनच नवे टायर घेतले तरी हाच नियम, नवे मागेच. पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाते आणि वेग कमी करून ती सांभाळता येते. मागची सुटली तर गाडी गरकन फिरते.

तारीख कोठे असते

टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांनंतर काही खुणा असतात आणि शेवटी चार आकडे. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३५१९ असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या ३५ व्या आठवड्यात तयार झाला. तीनच आकडे असतील तर तो टायर सन २००० पूर्वीचा, आणि त्यावर एक किलोमीटरही चालवू नये, मग नक्षी कितीही भरलेली असो. पूर्ण खूण बहुधा टायरच्या एकाच बाजूवर असते. वरून दिसली नाही तर खाली वाकून आतली बाजू पाहावी.

रबर हवेतील ऑक्सिजन आणि ओझोनमुळे हळूहळू कडक होतो. त्यात लातूर-नांदेडचा उन्हाळा. मे महिन्यात सावलीत ४० अंशांच्या वर पारा असतो, डांबराचा ताप तर त्याहून अधिक. टायर कंपन्यांचा सर्वसाधारण सल्ला असा आहे की पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावे आणि दहा वर्षे झाली की नक्षी शिल्लक असली तरी काढून टाकावे. आमच्या मते आपल्या उन्हात सहा-सात वर्षांतच निर्णय घ्यावा.

शौकाच्या गाडीचे नेमके येथेच नुकसान होते. ती महिन्यातून एकदा बाहेर निघते. नक्षी भरलेली दिसते, आणि मालक म्हणतो, टायर तर नवेच आहेत. पण रिमजवळ आणि नक्षीच्या खाचांत नखाने दाबून पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा दिसल्या की समजावे, लेप गेला आणि आता कापड उघडे पडायच्या बेतात आहे. विकणारा अशा टायरला काळे पॉलिश मारून देतो. खळ दिलेल्या कापडाची वीण जशी धुतल्यावर कळते, तसे हे पॉलिशही धुऊनच पाहावे. नक्षी घासून गोटा झालेल्या टायरावर गरम सुरीने खाचा कोरून दिलेले टायरही बाजारात येतात. खाच कोरताना सुरी कापडापर्यंत पोहोचते, आणि तो टायर केव्हा फुटेल याचा भरवसा नाही. नियमानुसार मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी नसावी.

हवा : उन्हाळ्यात कमी करू नका

आपल्याकडे एक समज खोलवर रुजला आहे की उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी, म्हणजे टायर फुटत नाही. हा समज उलटा आहे. हवा कमी असली की टायरची भिंत प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते, वाकण्याने ताप वाढतो, तापाने रबर आणि दोरे एकमेकांपासून सुटतात. तार एकाच जागी वारंवार वाकवली की तुटते, तसेच हे. बहुतेक टायर फुटतात ते कमी हवा, जास्त वजन आणि जास्त वेग एकत्र आल्याने.

हवा सकाळी, गाडी चालवण्यापूर्वी पाहावी. तापमान पाच-सहा अंशांनी वाढले की दाब साधारण एक पौंड वाढतो. म्हणून चालवून आलेल्या गरम टायरातून हवा काढू नये. किती पौंड, हे गाडीच्या पुस्तकात किंवा दरवाजाजवळच्या पट्टीवर असते. शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लागू नाही. नायट्रोजनचा आग्रह धरण्याचेही कारण नाही. साध्या हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो. पैसा खर्च करायचाच तर स्वतःचा चांगला हवामापक घ्यावा.

आता समृद्धी महामार्ग जालना आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतून जातो. त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये संपूर्ण मार्ग खुला झाला. तेथे मोटारीला १२० किलोमीटरपर्यंत वेगाची मुभा आहे. अपघात वाढल्यावर २०२३ मध्ये परिवहन खात्याने प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासणे सुरू केले. सिमेंटच्या सरळ रस्त्यावर तासभर एकाच वेगाने चालल्याने टायर किती तापतो, याची कल्पना औसा किंवा उदगीर रस्त्यावर चालवणाऱ्याला येत नाही. जुने टायर असलेल्या गाडीत बायका-मुलांना बसवून त्या रस्त्याला लागू नये.

माप बदलताना

रुंद टायर घातले की गाडी शर्यतीची होते, असा तरुणांचा ग्रह आहे. टायरवरचे आकडे वाचायला शिकावे. १४५/८० आर १३ याचा अर्थ रुंदी १४५ मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे ११६, आणि रिम १३ इंच. रिमचे ३३० अधिक वरची-खालची मिळून २३२, एकूण उंची सुमारे ५६२ मिलिमीटर. त्याजागी १५५/७० आर १३ घातला तर उंची ५४७ येते, फरक पावणेतीन टक्क्यांच्या आसपास. एवढे चालून जाते. पण १६५/८० आर १३ घातला तर उंची ५९४ होते, पावणेसहा टक्के जास्त. मग स्पीडोमीटर खरा वेग कमी दाखवतो, चाक पूर्ण वळवल्यावर मडगार्डला घासते आणि इंजिनावर ओझे पडते. तीन टक्क्यांच्या आत राहावे.

पुढे वजनाचा आकडा आणि वेगाचे अक्षर असते. ७५ म्हणजे एका टायरला ३८७ किलो, ८२ म्हणजे ४७५ किलो. एस म्हणजे १८० किलोमीटर, टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१०. मूळ टायरपेक्षा खालचा आकडा घेऊ नये. जुन्या रिमवर, विशेषतः तारांच्या चाकावर, ट्यूबलेस टायर बिनट्यूबचा बसवू नये. त्या रिमला टायरची कड धरून ठेवणारा उंचवटा नसतो.

तेल : जाड की पातळ?

आता इंजिन ऑइल. डब्यावरच्या २० डब्ल्यू ५० या खुणेतील डब्ल्यू म्हणजे हिवाळा. पहिला आकडा थंडीत तेल कसे वाहते ते सांगतो, दुसरा इंजिन गरम झाल्यावर ते किती जाड राहते ते. नव्या गाड्यांत ० डब्ल्यू २० सारखे पाण्यासारखे पातळ तेल घालतात, कारण त्यांच्या भागांतील फट फार कमी असते. पद्मिनीसारख्या इंजिनात ते घातले तर तेलाचा दाब पडतो. अशा इंजिनाला आपल्या हवेत २० डब्ल्यू ४० किंवा २० डब्ल्यू ५० योग्य. स्टॉर्मसारख्या त्यामानाने नव्या इंजिनाला मात्र पुस्तकात जे लिहिले असेल तेच.

दुसरी गोष्ट जस्त आणि फॉस्फरसची. जुन्या इंजिनात कॅमशाफ्टचा उंचवटा टॅपेटवर सरळ घासतो. त्याला वाचवणारे मिश्रण तेलात असते. परंतु धुराच्या नियमांमुळे २००४ च्या एपीआय एसएम दर्जापासून पातळ ग्रेडच्या तेलात फॉस्फरसला ०.०८ टक्के ही वरची मर्यादा आली. २० डब्ल्यू ५० सारख्या जाड ग्रेडला ही मर्यादा लागू नाही. जुन्या इंजिनाला जाड ग्रेड घालण्याचे हे आणखी एक कारण.

तेल काळे पडले म्हणजे खराब झाले, असे नाही. काजळी आपल्या अंगावर घेणे हे तेलाचे कामच आहे. खरा धोका उभ्या गाडीत. चोक ओढून गाडी सुरू करायची, पाच मिनिटे चालवून पुन्हा बंद करायची, असे केल्याने न जळलेले पेट्रोल आणि पाण्याची वाफ तेलात उतरते, आम्ल तयार होते आणि बेअरिंग खाते. पट्टी काढून वास घ्यावा. पेट्रोलचा वास आला किंवा पातळी आपोआप वाढली असेल तर तेल ताबडतोब बदलावे. गाडी हजार किलोमीटरही चालली नसली तरी वर्षातून एकदा फिल्टरसह तेल बदलावे. गाडी बाहेर काढाल तेव्हा अर्धा तास सलग चालवावी, म्हणजे वाफ निघून जाते.

बरीच वर्षे न धुतलेल्या इंजिनात एकदम फ्लश किंवा महागडे सिंथेटिक ओतू नये. तळाचा गाळ सुटून पंपाची जाळी बंद करतो. आधी साधे तेल दोन-तीनदा लवकर बदलून गाळ कमी करावा. गिअरबॉक्समध्ये पितळी रिंगा असतील तर जीएल-४ दर्जाचे तेल घ्यावे. जीएल-५ मधील गंधकाचे मिश्रण पितळेला खाऊ शकते. ते मागच्या हौजिंगसाठी, पुस्तकात सांगितले असेल तेथे.

कारागीर आणि दुकानदारांसाठी

धूर आणि आवाज लपवण्यासाठी फार जाड तेल भरून गाडी विकण्याची चाल जुनी आहे. गिऱ्हाईक पहिल्या महिन्यात येते ते भांडायलाच. ऐब सांगून विकलेल्या मालात नफा थोडा कमी पडतो, पण गिऱ्हाईक तुटत नाही, हे कापडात जसे खरे तसेच टायर-तेलात. टायर विकताना तारखेचे आकडे गिऱ्हाइकाला स्वतः दाखवावेत आणि बिलावर लिहून द्यावेत. तेलाचा डबा त्याच्यासमोर उघडावा आणि रिकामा झाल्यावर त्याला भोक पाडावे, म्हणजे त्यात नकली तेल भरून कोणी विकणार नाही.

जळके तेल नालीत सोडू नये. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणून ज्या लातूरने तहान भागवली, त्या गावाने जमिनीखालचे पाणी आपल्या हाताने नासवणे शोभत नाही. हे तेल पिंपात साठवून परवानाधारक घेणाऱ्यालाच द्यावे. कातडीला ते घातक आहे. तेव्हा पोरांना उघड्या हाताने त्यात काम करू देऊ नये आणि जेवणापूर्वी साबणाने हात धुण्याची सवय लावावी.

शेवटी एक सोपे काम. दुकानात जशी खातेवही असते तशी गाडीचीही एक छोटी वही ठेवावी. तेल कोणत्या तारखेला बदलले, कोणत्या ग्रेडचे, प्रत्येक टायरचे चार आकडे कोणते, स्टेपनीचे कोणते. स्टेपनी बहुतेकांच्या ध्यानात नसते, आणि सर्वांत म्हातारा टायर तोच असतो. दर सहा महिन्यांनी ही वही उघडली तर दहा मिनिटांत गाडीचा सगळा हिशेब समोर येतो. ज्या वाचकांकडे जुनी गाडी आहे त्यांनी याच आठवड्यात खाली वाकून ते आकडे वाचून घ्यावेत.