खो-खोचा एक दिवस आणि राखीव गडी



खो-खो तुम्हाला शिकवायची गरज नाही, असे तुम्ही म्हणाल. पाचवीपासून तुम्ही तो खेळता. तरी यावेळी अभ्यासलेखासाठी आम्ही हाच विषय घेतला आहे. कारण आंतरवर्ग स्पर्धांचा दिवस जवळ आला की संघात कोण, राखीव कोण आणि नुसते टाळ्या वाजवायला कोण, ही चर्चा सुरू होते. त्या चर्चेत खेळ कुठेतरी मागे पडतो. हा लेख पालकांनी आणि विश्वस्त मंडळींनीही वाचावा अशी विनंती आहे, कारण त्यातला शेवटचा हिशेब त्यांच्यासाठी आहे.

आधी खेळ नीट समजून घेऊ. मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद. दोन टोकांना दोन खांब आणि त्यांना जोडणारी ३० सेंटीमीटर रुंदीची मधली पाटी. या पाटीवर आठ चौकोनांत आठ गडी बसतात, एकाचे तोंड इकडे तर दुसऱ्याचे तिकडे. नववा गडी पाठलाग करतो. त्याला मधली पाटी ओलांडता येत नाही आणि एकदा दिशा धरली की खांबापर्यंत गेल्याशिवाय मागे वळता येत नाही. पळणाऱ्याला मात्र कुठूनही कुठेही जायची मोकळीक. तो बसलेल्यांच्या मधून आरपार जातो, साखळी करतो, गोल पळतो, हुलकावणी देतो.

म्हणजे पाठलाग करणाऱ्याच्या पायात नियमांची बेडी आहे आणि पळणारा मोकळा आहे. मग तो पकडला कसा जातो? इथेच या खेळाची खुबी आहे. एकटा गडी कितीही वेगवान असला तरी चांगल्या पळणाऱ्याला तो सहसा पकडू शकत नाही. त्याला योग्य क्षणी थांबून, बसलेल्या सोबत्याच्या पाठीला हात लावून ‘खो’ म्हणावे लागते आणि स्वतः त्याच्या जागी बसावे लागते. उठलेला गडी आपल्या तोंडाच्या दिशेने झेपावतो. खो मागूनच द्यायचा. हात आणि शब्द बरोबर पडला पाहिजे, नाहीतर पंचांची शिट्टी वाजते.

बसलेला गडी स्वस्थ बसलेला नसतो, हे प्रेक्षकांत बसलेल्या पालकांनी विशेष पाहावे. त्याचे वजन पंजांवर असते, मान वळलेली असते, पळणारा आपल्या डाव्या हाताला येणार की उजव्या, याचा अंदाज तो घेत असतो. नऊजणांपैकी आठजण बसलेले असूनही नऊच्या नऊ खेळत असतात. असा दुसरा मैदानी खेळ आम्हाला तरी चटकन आठवत नाही.

पळणारे तीन-तीनच्या तुकडीने मैदानात उतरतात. तिघे बाद झाले की पुढचे तिघे. एका पाळीला नऊ मिनिटे, अशा दोन डावांत मिळून चार पाळ्या. लहान गटांसाठी वेळ कमी ठेवतात. संघ साधारण बाराजणांचा असतो. नऊ मैदानात आणि तीन राखीव. या राखीव तिघांकडे आपण पुन्हा येऊ.

आता थोडा इतिहास. खो-खो, हुतूतू, आट्यापाट्या हे खेळ गावोगावी वेगवेगळ्या रीतीने खेळले जात. एका गावचा संघ दुसऱ्या गावी गेला की खेळाआधी नियमांवरून भांडण. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने या खेळांना लिखित नियम देण्याचे काम हाती घेतले. पण पुणे तर दूर राहिले. आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट आपल्या शेजारी घडली. सुरतेहून रेल्वेने दोन-अडीच तासांवरच्या बडोद्यात हिंदविजय जिमखान्याने १९२३ च्या सुमारास हुतूतूचे नियम छापले आणि अखिल भारतीय पातळीवर सामने भरवले. बडोद्यातच जुम्मादादा व्यायाममंदिरात प्रा. माणिकराव हे मराठी गृहस्थ पिढ्यान्‌पिढ्यांना व्यायाम शिकवत होते. कवायतीसाठी त्यांनी हिंदी आज्ञा तयार केल्या. आमची पदवी हिंदी माध्यमातली, त्यामुळे ही गोष्ट सांगताना आम्हाला जरा जास्तच आनंद होतो. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी संपादित केलेला मराठीतला व्यायामज्ञानकोशही बडोद्यातूनच प्रसिद्ध झाला. म्हणजे महाराष्ट्राबाहेर, गुजरातच्या भूमीवर राहणाऱ्या मराठी माणसांनी आपल्या खेळांना नियम दिले, ग्रंथ दिले, मैदान दिले.

पुढचा प्रवास थोडक्यात. पुरुषांची पहिली राष्ट्रीय खो-खो स्पर्धा १९५९-६० मध्ये विजयवाड्याला झाली आणि महिलांची पुढच्याच वर्षी कोल्हापूरला. २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धांत भारताच्या दोन्ही संघांनी सुवर्णपदक मिळवले. महिला संघाची कर्णधार सारिका काळे ही तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातली. तिला २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. दोन्ही अंतिम सामन्यांत भारताने नेपाळला हरवले, महिलांनी ७८-४० आणि पुरुषांनी ५४-३६. एवढे गुण कसे, असा प्रश्न नववीच्या एका विद्यार्थ्याने विचारला होता. तो खेळ सात-सात गड्यांचा जलद प्रकार होता आणि त्यात एक गडी बाद केला की एकाहून अधिक गुण मिळतात. महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे आणि पुरुष संघाचा कर्णधार प्रतीक वाईकर, दोघेही महाराष्ट्राचे.

आपला हा खेळ जसा स्थलांतरितांनी वाढवला, तसाच एक खेळ सातासमुद्रापलीकडे आहे. त्यांच्याकडून एक गोष्ट घेण्यासारखी आहे, म्हणून थोडे विषयांतर.

आयर्लंड या छोट्या देशात गेलिक फुटबॉल नावाचा देशी खेळ आहे. एका संघात पंधराजण, चेंडू हातानेही खेळायचा आणि पायानेही. गोलाच्या आडव्या दांडीवरून चेंडू गेला तर साधारणपणे एक गुण, खालून जाळीत गेला तर तीन. इंग्रजांच्या राज्यात इंग्रजी खेळांपुढे हे देशी खेळ मागे पडत चालले, तेव्हा १ नोव्हेंबर १८८४ रोजी थर्ल्स गावातल्या एका हॉटेलात काही माणसे जमली आणि गेलिक ॲथलेटिक असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. पुढाकार घेणारे मायकेल क्युसॅक हे शिक्षक होते, हे आमच्या शिक्षकवर्गाने ध्यानात ठेवावे! डब्लिनचे क्रोक पार्क हे ऐंशी हजारांहून अधिक प्रेक्षकांचे मैदान या संस्थेचे आहे. पण तिथे खेळणाऱ्याला पगार नाही. शिक्षक, शेतकरी, कारकून असे लोक दिवसभर काम करून संध्याकाळी सराव करतात. प्रत्येक गावाचा क्लब गावकरीच चालवतात.

पोटासाठी देश सोडून गेलेल्या आयरिश लोकांनी जिथे गेले तिथे हे क्लब काढले. लंडन आणि न्यूयॉर्कचे संघ तर आजही मायदेशातल्या एका प्रांताच्या अजिंक्यपदासाठी खेळतात. लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली भागात खानदेशातून येऊन वसलेल्या आपल्या कुटुंबांना ही गोष्ट परकी वाटू नये.

आता मुद्द्याची गोष्ट. साधारण बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी या संस्थेने वेगळी पद्धत ठेवली आहे. संघ लहान, मैदान लहान, आणि आलेल्या प्रत्येक मुलाने खेळलेच पाहिजे. निकाल जाहीर करायचे नाहीत, अंतिम सामना नाही, चषकही नाही. सुट्टीच्या दिवशी आजूबाजूच्या क्लबांची मुले एका मैदानावर जमतात, छोटे छोटे अनेक सामने होतात, एक संपला की दुसरा. कोणी पहिल्याच फेरीत घरी जात नाही.

चषक अजिबात नको, इतके टोक आम्हाला पटत नाही. आपल्या मुलांना चषक हवा असतो आणि तो घरी नेऊन टीव्हीशेजारी ठेवण्यात काही गैर नाही. पण प्रत्येक मूल खेळलेच पाहिजे, हा नियम मात्र आपल्याला हवा. आता हिशेब करू. गणित आवडणाऱ्या मुलांनी वही घ्यावी.

समजा आठ संघ आहेत आणि मैदान एकच आहे. बाद पद्धतीने सामने घेतले तर एकूण सात सामने होतात. नऊ मिनिटांच्या चार पाळ्या म्हणजे ३६ मिनिटे, मधली विश्रांती धरून एक सामना पाऊण तासाच्या वर जातो. सात सामन्यांना साधारण सहा तास लागतात. चार संघ एकेक सामना खेळून बाजूला बसतात. त्या सामन्यातही नऊजणच खेळतात. बाकीच्या तिघांनी गणवेश घातला, बूट बांधले, पाणी वाटले आणि घरी गेले.

दुसरी पद्धत पाहा. चार-चार संघांचे दोन गट. गटात प्रत्येकाचा प्रत्येकाशी सामना. एका गटात सहा, दोन गटांत बारा सामने. प्रत्येक संघाची पाठलागाची एक पाळी आणि पळण्याची एक पाळी, पाच-पाच मिनिटांची. अदलाबदल धरून एक सामना पंधरा मिनिटांत आटोपतो. १२ × १५ = १८० मिनिटे, म्हणजे तीन तास. हरणाऱ्या संघाला मैदानावर मिळणारी एकूण मिनिटे थोडी कमीच भरतात, हे खरे. पण त्याला तीन वेगळे प्रतिस्पर्धी मिळतात आणि पहिल्या सामन्यात गडबडलेल्या मुलाला तासाभरात पुन्हा संधी मिळते. शिवाय तीन सामन्यांत नऊच्या हिशेबाने २७ जागा होतात. बाराजणांपैकी प्रत्येकाला दोन सामने दिले की २४ जागा भरतात आणि तीन उरतात. म्हणजे राखीव असा कोणी राहातच नाही.

वाचलेल्या तीन तासांचे काय करायचे? त्यात मुलींचे आठ संघ खेळतील. हे आम्ही मुद्दाम लिहीत आहोत. वेळ पुरत नाही म्हणून सर्वांत आधी मुलींचे सामने कापले जातात, हे अनेक ठिकाणी पाहिले आहे. आठवीनंतर मुली मैदानावर दिसेनाशा होतात आणि मग ‘त्यांना आवडच नाही’ असे आपणच म्हणतो. गुजरात सरकारने २०१० मध्ये सुरू केलेल्या खेल महाकुंभात मुलींचे खो-खो संघ उतरतात. तिथे नाव नोंदवायचे तर सरावासाठी आधी शाळेत सामने मिळायला हवेत.

सुरतेचे ऊन पाहता मुलींचे सामने सकाळी साडेसात ते साडेदहा आणि मुलांचे दुपारी चार ते सात घ्यावेत असे आम्हाला वाटते. मुली आधी, कारण सकाळी मैदानावरची फक्की ताजी असते आणि पंच थकलेले नसतात. मैदान आखण्याचे काम आदल्या संध्याकाळी नववीच्या वर्गाने करावे. २७ आणि १६ मीटरचा आयत दोरीने काटकोनात आखणे हा भूमितीचाच तास आहे. कर्ण मोजून पाहा, सुमारे ३१.४ मीटर यायला हवा. वेळ लावणे, गुण लिहिणे ही कामे वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांकडे द्यावीत.

पालकांना एक विनंती. यंत्रमागावर बारा बारा तासांची पाळी करून तुम्ही येता, याची आम्हाला जाणीव आहे. आलात तर आपल्या मुलाचे नाव घेऊन जरूर ओरडा, फक्त पंचांच्या अंगावर जाऊ नका. पाठीला हात लागला की नाही, हे कट्ट्यावरून दिसत नाही. ज्यांनी गावाकडे खो-खो खेळला आहे त्यांनी कार्यालयात नाव द्यावे. शिट्टी आम्ही देऊ. पंच म्हणून निदान सहा माणसे लागतील.

विश्वस्त मंडळापुढे मागणी मोठी नाही. लाकडी खांबांची एक चांगली जोडी, फक्कीच्या दोन गोण्या, पाण्याची टाकी आणि मैदानाच्या पूर्वेकडच्या कडेला सावलीसाठी एक मांडव. चषक एकच असला तरी चालेल, पण खेळलेल्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला प्रमाणपत्र मिळावे, आणि त्यावर किती सामने खेळले तो आकडा लिहिलेला असावा.